साहेबांना पाठवलेली माळ

साहेब, तुम्ही माझा नवरा अडवून ठेवला आहे! आणि वर मलाच नकार कळवला आहे! एकाच माणसाने या दोन्ही गोष्टी करायच्या म्हणजे हद्द झाली. घर साफ करून निघालेल्या चोराने दारात थांबून मालकिणीला समजवावं, "बाई, तुम्ही उगाच माझ्यात गुंतू नका," अशातली गत!

वाचकहो, तुम्ही गोंधळू नका. साहेबांकडे मी नंतर वळते. आधी तुम्हाला सगळं नीट सांगते, मग तुम्हीच ठरवा निर्लज्ज कोण ते.

माझा नवरा परदेशात लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांना वर पाठवतो, खाली आणतो, आणि स्वतः मात्र दोन मजल्यांच्या मध्ये लटकल्यासारखा तिथेच अडकून पडलाय. त्याची सुट्टी या साहेबांच्या सहीवर अवलंबून. एकदा म्हणाले, वार्षिक तपासणी आहे. मग म्हणाले, बदली माणूस आजारी आहे. मग म्हणाले, बदली माणसाचं लग्न आहे! म्हणजे बदली माणसाला लग्नासाठी सुट्टी, आणि माझ्या नवऱ्याला झालेलं लग्न बघायलाही नाही!

मी कपड्यांची दुरुस्ती करते. लांब पँट आखूड, ढगळ कोट बेताचा, तुटलेली चेन नवी. अख्खी गल्ली मी मापात बसवली आहे. त्यामुळे फोनच्या पडद्यावर नवरा दिसला की माझी नजर आधी त्याच्या कॉलरवर जाते. मागच्या हिवाळ्यात कॉलर आणि गळा यांच्यात एक बोट जायचं. आता दोन जातील.

"जेवतोस ना?"

"जेवतो गं."

"काय जेवलास?"

यावर नेमका फोन अडकतो! तोंड अर्धवट उघडं ठेवून तो पडद्यावर थिजतो. आणि मी त्या थिजलेल्या तोंडाकडे बघत बसते. फोन बंद करून पुन्हा लावायला हवा हे मलाही कळतं. पण हलत नसला तरी तो समोर तर असतो.

आमच्या बाथरूमचा नळ ठिबकतो. सासूबाई म्हणतात, "प्लंबरला बोलाव." मी म्हणते, "तुमचा मुलगा आला की करेल." त्या म्हणतात, "तो येईपर्यंत आपण पोहायला शिकू." तरी मी प्लंबरला बोलावत नाही. घरात एखादं काम त्याच्या नावाने शिल्लक राहिलेलं बरं. सगळंच दुरुस्त झालं तर त्याने यायचं कशासाठी?

तर अशी मी. मैत्रिणी मला तोफ म्हणतात. आणि आजवर माझा एकही बेत फसलेला नाही! जिना दुरुस्त करायला नाही म्हणणाऱ्या घरमालकाला मी त्याच जिन्यावरून रोज खालीवर करायला लावलं, आठवड्यात सुतार हजर! असल्या बाईला एक साहेब काय जड?

एका दुपारी नवऱ्याचा जेवणाच्या सुट्टीत फोन आला.

"इकडे सगळी गडबड चाललीय. प्रेमाचा दिवस जवळ आलाय."

"मग तुझं काय जातंय? तू लिफ्टवर प्रेम कर."

"ऐक तर! इकडे त्या दिवशी बायका पुरुषांना भेटी देतात. नवऱ्याला, मित्राला, शेजारच्या टेबलावरच्याला, अगदी साहेबांनासुद्धा. शिष्टाचार म्हणून. आणि महिन्याने पुरुषांनी परतभेट द्यायची. मिळाली त्याहून मोठी! नाही दिली तर तोंड दाखवायला जागा नाही."

"तुझे साहेब देतात?"

"साहेब? एक वेळ पगार विसरतील, परतभेट विसरायचे नाहीत. फार नियमाचा माणूस."

माझ्या डोक्यात एकदम सगळे दिवे लागले! जो माणूस भेटीची परतफेड चुकवत नाही, त्याला भेट द्यायची. इतकं सोपं! आणि मी मूर्खासारखी त्याच्या अर्जांवरच्या सहीची वाट बघत बसले होते!

"मी साहेबांना भेट पाठवते. त्यांनी विचारलं, परत काय देऊ, तर सांग, बायकोला तिचा नवरा हवाय."

"अगं, तसं विचारत नसतात! आणि मी काही त्यांच्या हातात देणार नाही. माझी नोकरी..."

फोन अडकला. या वेळी मीच अडकवला.

भेट काय पाठवायची यावर केकवालीच्या स्वयंपाकघरात बैठक बसली. केकवाली म्हणजे माझ्या दुकानाच्या वर राहणारी मैत्रीण, घरी केक करून विकते. दुसरी नर्स. तिचा स्वभाव असा, की आनंदाची बातमीसुद्धा ती अहवाल आल्यासारखी सांगते.

"खाऊ पाठवू," केकवाली म्हणाली.

"पोचेपर्यंत त्याचं औषध होईल," नर्स म्हणाली. "मण्यांची माळ करू. मनगटात घालायची. रंगीत माती मिळते, मणी वळायचे, ओव्हनमध्ये भाजायचे. वितळणार नाही, नासणार नाही."

"पुरुष माणूस माळ घालेल?"

"तिकडे घालतात," नर्स ठामपणे म्हणाली. ती घर आणि दवाखाना यापलीकडे कुठे गेलेली नाही, पण तिने ठामपणे सांगितलं की माणूस शर्टाची बाही वर करून इंजेक्शनला तयार होतो.

मग काय! सलग तीन संध्याकाळी आम्ही तिघी माती मळत बसलो. निळी, पांढरी, थोडी काळी. दोन रंग एकत्र पिळायचे, लांब वळी करायची, पात्याने तुकडे पाडायचे, तळहातावर गोल फिरवायचे, सुईने आरपार भोक. नर्सचे मणी एकसारखे, गोळ्यांच्या पाकिटातून काढल्यासारखे. केकवालीच्या मण्यांवर इवलीशी फुलं, पाकळ्यांसकट. आणि माझे? माझे मणी बघून नर्सने विचारलं, "ही शेळी कुणाची?"

"हसू नका! कापड सरळ असतं, मला सरळ कापायची सवय आहे!"

"राहू दे गं," केकवाली म्हणाली. "साहेबांच्या माळेत आमचे मणी घाल. तुझे घरच्यासाठी ठेव."

मला ते पटलं. साहेबांवर छाप पडायला हवी. नवरा काय, आपलाच आहे, वाकडंतिकडं चालवून घेईल. साहेबांची माळ नर्सच्या आणि केकवालीच्या सुबक मण्यांची झाली. माझ्या लेंड्या मी वेगळ्या दोऱ्यात ओवल्या, नवऱ्यासाठी. त्या ओवताना मी त्याच्या मनगटाचं माप आठवत होते. आठवेना! कॉलरचं आठवलं, छातीचं आठवलं, बाहीची लांबी आठवली. मनगटाला मी कधी टेप लावलीच नव्हती. धरलं होतं फक्त. मग मी डोळे मिटून अंगठा आणि मधलं बोट जुळवलं, हवेत धरून बघितलं.

"काय करतेयस?" केकवालीने विचारलं.

"माप घेतेय."

मग केकवाली उठून ओव्हन बघायला गेली आणि तिथूनच ओरडली, "एवढी आठवण येत असेल तर माझा ने! सकाळपासून सोफ्यावर आहे. पाठव तिकडे, तुझा इकडे आण. लिफ्टमध्ये बसवलं तरी तो बसून राहील."

सोफ्यावरून आवाज आला, "मी ऐकतोय हं!"

"ऐकतोयस तर ऊठ!"

तो उठला नाही. उठला तो थेट भाजलेल्या मण्यांचा ट्रे गार होत असताना, आणि खाऊ समजून त्यातला एक दाढेखाली घातला. जो आवाज झाला तो ऐकून खालच्या मजल्यावरच्यांनी वर बघितलं असणार. नर्सने त्याचा जबडा उघडून आत डोकावलं आणि अहवाल दिला, "दात शाबूत. मणीही शाबूत. माल मजबूत आहे."

मी मखमलीचा तुकडा काढून साहेबांच्या माळेसाठी छोटी थैली शिवली. आत अस्तर, वर बंद. आणि त्यांच्याच भाषेत एक ओळ हवी म्हणून नर्सच्या फोनवरून भाषांतर करून ती मी थैलीवर रेशमी दोऱ्याने भरली: "माझ्या स्वतःच्या हातांनी बनवलेली." थोडं खोटं होतं. पण मेहनत दिसल्याशिवाय साहेब लोकांना किंमत कळत नाही!

नवऱ्याची माळ त्याच्या खोलीच्या पत्त्यावर गेली. साहेबांची थेट ऑफिसात. आणि जन्मात पहिल्यांदा कुरियर वेळेवर पोचलं! नेमकं प्रेमाच्या दिवशी, भरल्या ऑफिसात!

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. पडद्यावरचा चेहरा बघून मला वाटलं लिफ्ट कोसळली.

"तू थैलीवर काय भरलंस?"

"स्वतःच्या हातांनी बनवलेली. का? टाका चुकला?"

"टाका नाही, आयुष्य चुकलं! अगं, इकडे शिष्टाचाराची भेट दुकानातून विकत आणतात. मुद्दाम विकत! हाताने बनवलेली फक्त एकालाच देतात. ज्याच्यावर जीव जडलाय त्याला!"

"हे मला आधी नाही सांगितलंस?"

"मलाच आत्ता कळलं! रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी!"

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. साहेबांनी सगळ्यांसमोर थैली उघडली. वरची ओळ वाचली. लालबुंद झाले. नवऱ्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. आमच्या नवऱ्याचं असं आहे, की साहेबांसमोर त्याच्याकडे एकच भाषा असते. मान डोलावणे!

साहेबांनी विचारलं, "ही तुझ्या बायकोने पाठवली?" याने मान डोलावली.

"स्वतः बनवली?" डोलावली.

"बनवताना ती माझाच विचार करत होती?"

डोलावली! आणि वाचकहो, ते खोटं नव्हतं! तिन्ही संध्याकाळी मी साहेबांचाच विचार करत होते. प्रत्येक मण्याला एक शिवी!

"पण पुढे तरी काही बोललास की नाही?" मी ओरडले.

"बोललो ना! धीर करून म्हणालो, साहेब, माझ्या बायकोचं माझ्यावर प्रेम आहे."

"मग?"

"त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, असंच मानून राहा."

मला हसूही येईना, रडूही येईना. नवरा मात्र अजून सांगून संपला नव्हता. खाली बघत म्हणाला, "माझा अर्ज त्यांच्या टेबलावर होता. या वेळी सही करणार होते गं. पेन उघडं होतं. माझ्यासमोर त्यांनी पेन बंद केलं. म्हणाले, अशा मनःस्थितीत तुला घरी पाठवणं बरोबर नाही. रागाच्या भरात माणूस काय करेल सांगता येत नाही. त्या बाईच्या जिवाची जबाबदारी आता माझ्यावर आहे."

म्हणजे बघा! माझा नवरा मला भेटायला येऊ शकत नाही, कारण माझं माझ्या नवऱ्यापासून संरक्षण करायचं आहे!

तिकडे तर नवऱ्याची सुतकातल्या माणसासारखी सेवा सुरू झाली. कुणी चहा आणून देतं, कुणी पाठीवर हात फिरवतं. ज्या लिफ्टमध्ये तो शिरतो ती एकदम शांत होते. बदली माणूस, तोच तो लग्नवाला, येऊन म्हणाला, "काही लागलं तर सांग, माझी बायको एखादी चांगली मुलगी बघेल."

इकडे सासूबाईंनी माझ्या ओरडण्यावरून निम्मं ताडलं, उरलेलं केकवालीकडून काढून घेतलं. दुपारी माझ्यासमोर येऊन बसल्या. आता बोलणी बसणार म्हणून मी मशीन बंद केलं.

"साहेबांना माळ केलीस?"

"हो, आई."

"नवऱ्याला केलीस?"

"हो."

"आणि मी? मी काय घरात कोनाड्यात ठेवलेली वस्तू आहे? मला एक मणी नाही?"

"आई, तिकडे तुमच्या मुलाची सुट्टी गेली..."

"ते कळलं मला," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ माझ्या टेपशी चाळा करत राहिल्या, गुंडाळायची, सोडायची. "तो लहान असताना शाळा सुटायच्या आधीच मी दार उघडून ठेवायचे. आता कधी उघडू ते कळत नाही." आणि लगेच उठल्या. "त्या मातीत पिवळा रंग असेल तर बघ. मला निळा शोभत नाही."

महिना गेला. मी रोज स्वतःला समजावत होते, की परतभेट तर येईल! नियमाचा माणूस आहे. काही का समजला असेना, देणं चुकवणार नाही. पेटीत कदाचित सही केलेला अर्जच असेल. कदाचित विमानाचं तिकीट असेल. एकदा तर मला असंही वाटलं, की बेल वाजेल आणि दारात पेटी घेऊन तोच उभा असेल. वेड्यासारखं मी त्या आठवड्यात त्याचे सगळे शर्ट काढून पुन्हा इस्त्री केले. कुणी न घातलेले शर्ट!

बेल वाजली. कुरियरवाला होता. पांढरी पेटी, पांढरी रिबन. आम्ही तिघींनी केकवालीच्या ओट्यावर ती उघडली. आत पांढऱ्या, मऊ, कापसासारख्या गोळ्या. खाऊ. बाकी काही नाही. मी पेटी उलटी केली, कागद झटकला, तळाचा पुठ्ठा उचकटून बघितला. काही नाही!

"छान आहेत," केकवाली चघळत म्हणाली. "तोंडात टाकल्या की विरघळतात."

मी नवऱ्याला फोन लावला. "अरे, खाऊ आलाय. मऊ, पांढरा. याचा अर्थ काय?"

तो तोंड अर्धवट उघडं ठेवून पडद्यावर थिजला. मला वाटलं फोन अडकला.

"मऊ आहे?"

"हो."

"विरघळतो?"

"हो रे!"

"म्हणजे नकार. सभ्य नकार. तुमच्या भावना पोचल्या, पण त्या विरघळू द्या, असा अर्थ असतो."

नर्सने हातातली गोळी परत पेटीत ठेवली, मग विचार बदलून तोंडात टाकली. "म्हणजे तुला नाकारलं," तिने अहवाल दिला. "कधी न बघितलेल्या माणसाने."

माझ्या अंगाची लाही लाही झाली! मी मागितलं काय होतं, आणि मला नाकारलं काय! पण मी तोंड उघडायच्या आत नवराच पडद्यावरून म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"त्यांची माळ मी बघितली. काय मणी होते! गोल, एकसारखे, फुलं काय, रंग काय. आणि मला? मला या अशा?" त्याने मनगट वर केलं. माझ्या लेंड्या! वाकड्या, एक लहान एक मोठी, एकीचं भोक बाजूला सरकलेलं. माझं बोटांचं माप चुकलं होतं, माळ कोपराच्या दिशेने घरंगळत गेली. "ऑफिसात सगळे म्हणतात, बघा, मन लावून काम कुठे केलंय ते दिसतंच. मी हसण्यावारी नेतो. पण खोलीवर आलो की बघत बसतो. आणि वाटतं..."

पुढे तो बोलला नाही. आणि या वेळी फोन अजिबात अडकला नव्हता.

तेव्हा मला कळलं, की इतका वेळ मी साहेबांवर तडकत होते आणि इकडे माझाच माणूस रोज त्या माळेकडे बघून झुरत होता.

"मूर्खा!" मी ओरडले. मैत्रिणी दचकल्या. "साहेबांच्या माळेत माझा एक मणी नाही! एक नाही! नर्सचे आहेत आणि केकवालीचे आहेत. मी फक्त दोरा ओवला. तुझी माळ माझी आहे. एकटीची. मळण्यापासून गाठीपर्यंत. म्हणून तर अशी झालीय!"

तो माळेकडे बघत राहिला. मग एकेक मणी बोटाने फिरवत म्हणाला, "हा तर अगदीच वाकडा आहे."

"तो पहिला होता."

"आणि हा?"

"तेव्हा तुझं मनगट आठवत होते."

केकवालीने ओव्हन उगाचच उघडून बंद केला. नर्स नाक पुसत खिडकीपाशी गेली. आणि सोफ्यावरून आवाज आला, "त्याला म्हणावं, चावून बघ. मजबूत आहेत."

साहेब, आता तुमच्याकडे वळते. हे छापून आलं की माझा नवरा तुम्हाला ते वाचून दाखवेल, आणि मान न डोलावता दाखवेल अशी मी त्याला ताकीद दिली आहे. तर नीट ऐका. माझं तुमच्यावर प्रेम नाही! कधी नव्हतं! तुमच्या माळेवरचं प्रेम एका नर्सचं आणि एका केकवालीचं आहे, आणि त्यातली एक विवाहित आहे. दुसरीला तुमचं वय काय ते हवं आहे. ते तुम्ही तिलाच परस्पर कळवा, मला मध्ये घेऊ नका.

नवऱ्याकडून असंही कळलं, की तुमची बायको जाऊन बरीच वर्षं झाली आणि माळ तुम्ही टेबलाच्या वरच्या खणात ठेवली आहे, फेकलेली नाही. ठेवा. मी परत मागत नाही. पण मग रिकाम्या घरात जेवायला बसणं म्हणजे काय असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

राहिला प्रश्न माझ्या जिवाला असलेल्या धोक्याचा. साहेब, माझा नवरा रागावला की काय करतो ते सांगू? तो बोलत नाही. जेवायला बसतो, गप्प राहतो, आणि आणखी वाढून घेतो. पुन्हा वाढून घेतो. पातेलं संपेपर्यंत त्याचा राग चालतो. इतकाच काय तो धोका! आणि तो धोका मला हवा आहे. लवकरात लवकर हवा आहे. पातेलं मी मोठं घेतलंय.

तेव्हा मऊ काही पाठवू नका. सरळ उत्तर द्या. त्याला कधी सोडताय?